कूलर लावा, पण खिडकी उघडी ठेवा

नॅकची, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेची, समिती येणार म्हटलं की कॉलेजात आधी कुंड्या येतात आणि मागोमाग झाडांवर पाट्या लागतात. आमच्या पिंपळावर 'रात्रीही ऑक्सिजन देणारा वृक्ष' अशी पाटी आहे. झाडातून ऑक्सिजन सुटतो तो पाण्याचा रेणू फुटल्यावर, आणि तो फोडायला प्रकाश लागतो. रात्री पिंपळसुद्धा तुमच्या-आमच्यासारखा ऑक्सिजन घेतच असतो. पाटी काढा म्हटलं तर उत्तर मिळालं, "राहू द्या सर, कोणाचं काय बिघडतं?"

बिघडतं ते पुढच्या बैठकीत. परीक्षा हॉलला एसी बसवायचे आणि गच्चीवर सोलर, म्हणजे कॅम्पस हरित, असा ठराव आला. कूलर का नको? तर 'पाण्याची नासाडी' आणि 'गेल्या वर्षीचा अनुभव'.

तो अनुभव मला तोंडपाठ आहे, कारण तेव्हा सुपरव्हिजन माझंच होतं. जळगावच्या आपल्या विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा, धुळे-नंदुरबारसह तिन्ही जिल्ह्यांत ऐन उन्हात. शिपाईभाऊ म्हणाले, "ऊन भलतं तपी ऱ्हायनं सर," आणि गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून त्यांनी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. भलामोठा कूलर हॉलच्या आत, कोपऱ्यात. पहिली पंधरा मिनिटं स्वर्ग. तासाभरात उत्तरपत्रिका मऊ पडल्या, शाई फुटायला लागली, पोरं घामानं निथळली. दोष कूलरवर आला. कूलर बिचारा नियमानं वागत होता.

तो नियम पाहायला दोन थर्मामीटर पुरतात. एकाच्या टोकाला ओली मलमल गुंडाळायची आणि दोन्ही पंख्यासमोर धरायचे. मे महिन्यातल्या एका दुपारी आमच्या प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात कोरडा 42 अंश दाखवत होता, ओला उतरत उतरत 23 वर थांबला. एकाच हवेत 19 अंशांचा फरक! पाण्यातले जास्त वेगाचे रेणू आधी निसटतात, मागे हळू रेणू उरतात, म्हणजे पाणी थंड होतं. माठाचं पाणी गार होतं ते यामुळेच. पण मग 23 वरच का थांबलं? कारण पाणी थंड झालं की भोवतालची गरम हवा त्याला उष्णता देऊ लागते. बाष्पीभवनानं जाणारी उष्णता आणि हवेकडून येणारी उष्णता जिथे सारखी होते, तिथे काटा अडतो. हे 'वेट बल्ब' तापमान. कूलर कितीही महाग घ्या, या रेषेखाली तो जात नाही. चांगली खस असलेला कूलर त्या 19 अंशांतले 80 टक्के मिळवतो, म्हणजे 42 ची हवा 27 वर येते.

आता बंद हॉलकडे या. कूलर हवेतली उष्णता नाहीशी करत नाही, तो ती वाफेत लपवतो. हवेची एकूण ऊर्जा जवळपास तेवढीच राहते, तापमान घटतं आणि तेवढी बाष्पातली सुप्त उष्णता वाढते. खोली बंद असेल तर तीच ओलसर हवा पुन्हा पुन्हा खशीतून फिरते. पोरांच्या अंगाची उष्णता आणि घाम त्यात मिसळत राहतात, वेट बल्ब वर सरकत जातो आणि शेवटी घामसुद्धा वाळेनासा होतो. कूलर खिडकीत हवा, तोंड आत, पाठ बाहेरच्या कोरड्या हवेकडे. आणि समोरची खिडकी उघडी, ओली हवा निघून जायला. जुलैत 33 अंश आणि 75 टक्के आर्द्रता असताना वेट बल्बच 29 असतो. तेव्हा कूलर नुसताच आवाज करतो.

या रेषेलाही एक पळवाट आहे. हवेच्या एका प्रवाहाला पाणी न लावता, शेजारून जाणाऱ्या ओल्या प्रवाहाकडून पातळ भिंतीपलीकडून गार करायचं. मग त्या कोरड्या गार हवेतलाच थोडा भाग वळवून ओला करायचा. त्या हवेचा वेट बल्ब आधीच खाली आलेला असतो, म्हणून ती आणखी गार होते. असं करत हवा तात्त्विकदृष्ट्या दवबिंदूपर्यंत, म्हणजे हवेतल्या वाफेचं दव होऊ लागतं त्या तापमानापर्यंत, पोचू शकते, आणि आमच्या त्या दुपारी दवबिंदू होता साधारण 13 अंश! याला माइसोत्सेंको चक्र म्हणतात. हे सांगत होतो तेव्हा इथे अर्धा स्टाफरूम चहाला उठला, ते असो.

आता पाणी. एक लिटर पाणी उडताना साधारण 2,400 किलोज्यूल, म्हणजे दोनतृतीयांश युनिट उष्णता घेतं. हॉलचा मोठा कूलर अशा दुपारी तासाला वीसेक लिटर पितो. दीड टनाचा एसी पाणी पीत नाही, पण तासाला दीड-पावणेदोन युनिट वीज खातो. औष्णिक वीजही पाण्यावरच चालते. कूलिंग टॉवर असलेल्या जुन्या केंद्रांना केंद्र सरकारनं 2015 साली घालून दिलेली मर्यादाच युनिटमागे साडेतीन लिटरची आहे. म्हणजे एसीचंही पाच-सहा लिटर पाणी उडतं, फक्त ते भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्रासारख्या ठिकाणी, आपल्या डोळ्यांआड. तरी कूलर जास्त पितो, हे मान्य. सोलरवर एसी चालवू म्हणाल, तर पॅनेल तापलं की त्याची वीज अंशामागे जवळपास 0.4 टक्के घटते. 25 ऐवजी 65 अंशांवर सोळा टक्के गेले.

पण मग जूनपासून पावसाळाभर गच्चीवरून वाहून जातं ते काय? 1,000 चौरस मीटरची गच्ची, 600 मिलिमीटर पाऊस, त्यातलं 80 टक्के हाती आलं तर 4 लाख 80 हजार लिटर. एक कूलर रोज सहा तास, 75 दिवस चालवला तर 9,000 लिटर. दहा कूलरना 90 हजार लिटरची टाकी पुरेल, सहा मीटर लांब, पाच रुंद, तीन खोल. शिवाय पावसाचं पाणी मृदू, म्हणजे क्षार जवळपास नसलेलं. बोअरच्या जड पाण्यानं खशीवर पांढरा थर चढतो, भोकं बुजतात, हवा अडते. मागच्या आठवड्यात मी एक खस बोटानं दाबून पाहिली, तर ती बिस्किटासारखी कडकन मोडली.

पुढच्या बैठकीला ती पिशवीत घालून नेणार आहे. सोबत दोन थर्मामीटर आणि मलमलीचा तुकडा.