उपग्रहाने मोजलेल्या समुद्रपातळीची पडताळणी

उपग्रहावरील अल्टिमीटरने नोंदवलेली समुद्रपृष्ठाची उंची कितपत खरी, हे तपासण्याची पद्धत. अल्टिमीटर खाली रडारचा स्पंद सोडतो आणि तो पाण्यावरून परतायला किती वेळ लागला ते मोजतो. त्यावरून निघालेले अंतर कक्षेच्या उंचीतून वजा केले की पाण्याची उंची मिळते. १९९२ चा टोपेक्स/पोसायडन आणि त्यानंतरचे जेसन उपग्रह १३३६ किलोमीटरवरून फिरत. तिथून चूक मात्र काही सेंटिमीटरच चालते.

हवेत स्पंद किंचित मंदावतो, त्यामुळे नुसत्या कोरड्या हवेनेच अंतर सुमारे २.३ मीटर जास्त भरते. ही चूक हवेच्या दाबावरून काढता येते. बाष्पाचे तसे नाही, ते तासागणिक बदलते. मुंबईकराला पातळी हवी असते ती जुलैच्या उधाणाची, आणि हवेत बाष्प सर्वाधिक असते तेही तेव्हाच. बाष्प मोजणाऱ्या, उपग्रहावरच्याच रेडिओमीटरच्या टप्प्यात किनाऱ्याजवळ जमीन शिरते आणि मोजणी बिघडते. खुल्या समुद्रावरून परतलेल्या स्पंदाचा प्रतिध्वनी आलेखात झपकन चढतो आणि सावकाश उतरतो. खाडीचे संथ पाणी आरशासारखे चमकले की त्या आलेखात मध्येच सुळका उभा राहतो. अशा नोंदी वगळतात किंवा वेगळ्या पद्धतीने पुन्हा वाचतात.

तपासणीचे मार्ग अनेक आहेत. उपग्रहाच्या चढत्या-उतरत्या वाटा जिथे छेदतात तिथल्या दोन उंची ताडतात. नवा उपग्रह काही महिने जुन्याच्या मागोमाग त्याच वाटेवर उडवतात. पण खरा साक्षीदार भरतीमापकच, म्हणजे बंदराच्या धक्क्यावर पाण्याची पातळी नोंदवणारे यंत्र. टोपेक्सच्या मापनातला सूक्ष्म सरकाव भरतीमापकांशी ताळा घेतानाच उघडा पडला.

मुंबईत अपोलो बंदरच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. हिंदी महासागरात इतकी लांब मालिका दुर्मीळ. मात्र उधाणाला इथले पाणी साडेचार मीटरपलीकडे चढते, भांगाच्या (अष्टमीच्या सुमाराच्या) भरतीला त्याचा जोर ओसरतो, आणि जेसनसारखा उपग्रह एका वाटेवर परततो तो दहा दिवसांनी. २०१३ साली श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या भारत-फ्रान्सच्या ‘सरल’ला तर ३५ दिवस लागत. शिवाय त्याची कक्षा सूर्यानुगामी होती. एका जागेवरून तो ठरावीक स्थानिक वेळांनाच जाई, त्यामुळे सूर्यामुळे येणारी भरती त्याला दर खेपेस एकाच टप्प्यावर दिसे. म्हणून आधी भरतीचा वाटा दोन्हीकडून काढून टाकावा लागतो, मग सरासरी ताडायची.

त्यातही दोघांचे मोजणे वेगळे. उपग्रहाची उंची पृथ्वीच्या केंद्राशी बांधलेली, मापकाची धक्क्याशी. धक्का खचला तर मापकाला समुद्र चढल्यासारखा दिसतो, उपग्रहाला नाही. हा फरक सोडवायला मापकाशेजारी जमिनीची हालचाल टिपणारा जीपीएस ग्राहक हवा, आणि त्याच्या नोंदीही वर्षानुवर्षे सलग हव्यात.