बायरनची कीर्ती आणि पुस्तकांच्या किमती

इंग्लिश कवी लॉर्ड बायरन एका रात्रीत प्रसिद्ध झाला असं नेहमी सांगतात. पण ती प्रसिद्धी पसरली कशी, हे समजून घ्यायचं तर कवितेबरोबर पुस्तकाचा आकार आणि किंमतही पाहायला हवी.

मार्च १८१२मध्ये लंडनचे प्रकाशक जॉन मरे यांनी ‘चाइल्ड हॅरल्ड्स पिलग्रिमेज’चे पहिले दोन सर्ग काढले. प्रती ५००, आकार क्वार्टो, म्हणजे छापील ताव दोनदा दुमडून चार पानं. रुंद समास, ३० शिलिंग किंमत, तीही साध्या पुठ्ठ्यातल्या प्रतीची; चामडी बांधणी गिऱ्हाइकाने पदरचे पैसे घालून करायची. कुशल कारागिराची आठवड्याची कमाई साधारण एवढीच होती. तीन दिवसांत आवृत्ती संपली, पण पोचली ती बड्या घरांत. मग मरे ऑक्टेव्होकडे वळले. तोच ताव तीनदा दुमडला की आठ पानं होतात, कागद वाचतो. किंमत १२ शिलिंगवर आली. फेब्रुवारी १८१४मध्ये ‘द कॉर्सेअर’ थेट ऑक्टेव्होत, साडेपाच शिलिंगला निघालं आणि पहिल्याच दिवशी १०,००० प्रती खपल्या. त्याच वर्षी वर्डस्वर्थचं ‘द एक्स्कर्शन’ दोन गिनींना, म्हणजे ४२ शिलिंगला आलं. त्याच्या ५०० प्रती वर्षानुवर्षं पडून राहिल्या.

या वाचकांचा आवाज आजही ऐकू येतो, तो त्यांच्या पत्रांतून. अनोळखी स्त्रियांनी बायरनला लिहिलं, काहींनी नाव न देता; कुणी हस्ताक्षर मागितलं, कुणी केसांची बट. कवितेतला खिन्न नायक म्हणजे कवीच, असं धरून त्यांनी लिहिलं, आणि तसं वाटावं याला बायरनची लेखणीही जबाबदार होती. त्याने ही पत्रं जपली. मरे यांच्या दप्तरासह ती आता एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत.

सर्वांत गरीब वाचक मात्र चोरट्या छपाईने मिळवून दिला. १८१७मध्ये कवी रॉबर्ट सदी यांच्या ‘वॉट टायलर’ या नाटकाची चोरटी आवृत्ती थांबवायला न्यायाधीश लॉर्ड एल्डन यांनी नकार दिला: मजकूरच समाजघातक असेल, तर कोर्ट त्याच्या कॉपीराइटला संरक्षण देणार नाही. ज्यांना असलं लेखन दडपायचं होतं, त्यांच्याच कायद्याने ते स्वस्त करून टाकलं. १८१९मध्ये बायरनच्या ‘डॉन हुआन’चे पहिले सर्ग मरे यांनी लेखकाचं आणि स्वतःचंही नाव न घालता महागड्या क्वार्टोत काढले, आणि चोरट्या छापखान्यांनी लगेच स्वस्त प्रती बाजारात आणल्या. पुढचे सर्ग १८२३मध्ये जॉन हंट यांनी घेतले, तेव्हा त्यांनी चांगल्या आवृत्त्यांबरोबर एक शिलिंगची प्रतही स्वतःच काढली.