नीच तापमानातील चुंबकीय अनुस्पंदन उपकरणे

द्रव हीलियमचा उकळबिंदू (४.२ केल्विन) व त्याखाली मिलिकेल्विनपर्यंतच्या (केल्विनच्या हजाराव्या भागापर्यंतच्या) तापमानात अणुकेंद्रांचे चुंबकीय अनुस्पंदन, म्हणजे चुंबकीय क्षेत्रातील अणुकेंद्रांनी रेडिओ स्पंदाला दिलेला प्रतिसाद, मोजणारी ही उपकरणे बहुधा प्रयोगशाळेतच घडवली जातात. तापमान उतरते तसे अणुकेंद्रांचे चुंबकीकरण व्यस्त प्रमाणात वाढते, त्यामुळे संकेत बळावतो. मात्र तो बाहेर आणणारी प्रत्येक तार आत उष्णताही नेते. मिलिकेल्विन पातळीवर डायल्यूशन रेफ्रिजरेटरची (हीलियमच्या दोन समस्थानिकांच्या मिश्रणावर चालणाऱ्या शीतयंत्राची) शीतनक्षमता मायक्रोवॉटमध्ये मोजावी लागते, म्हणून उपकरणाची जवळजवळ सगळी रचना या उष्णतेच्या हिशेबावर ठरते.

समाक्ष केबलसाठी तांबे टाळून स्टेनलेस स्टील किंवा तांबे-निकेल मिश्रधातू वापरतात आणि ती प्रत्येक शीत टप्प्याला पक्की जोडून थंड करतात. नमुन्याभोवतीचे वेटोळे टेफ्लॉनसारख्या हायड्रोजनविरहित साच्यावर गुंडाळतात, कारण प्रोटॉनचे अनुस्पंदन मोजताना साध्या प्लास्टिकमधील प्रोटॉनच (हायड्रोजनची अणुकेंद्रे) स्वतःचा संकेत देऊ लागतात. रेडिओ स्पंदामुळे जवळच्या धातूत प्रेरित होणारे प्रवाहही तापदायक असतात. त्यासाठी धातूच्या भिंतींना चिरा ठेवतात. सामान्य सिलिकॉन ट्रान्झिस्टर ४ केल्विनला निकामी होत असल्याने शीत प्रवर्धकात गॅलियम आर्सेनाइडचे ट्रान्झिस्टर घालतात; कमी कंप्रतेला स्क्विड, म्हणजे अतिसूक्ष्म चुंबकीय बदल टिपणारे अतिसंवाहक साधन, अधिक सोयीचे.

दुसरी अडचण खुद्द नमुन्याची. स्पंदानंतर अणुकेंद्रांना समतोलावर परतण्यास लागणारा शिथिलनकाल थंडीत फार लांबतो. डच भौतिकीविद गोर्टर यांचा अनुस्पंदन टिपण्याचा १९४२ चा प्रयत्न फसला तो बहुधा यामुळेच. त्यात पर्सेल व ब्लॉख या भौतिकीविदांना यश आले ते १९४५-४६ मध्ये. प्लॅटिनममध्ये शिथिलनकाल व तापमान यांचा गुणाकार सुमारे ०.०३ केल्विन-सेकंद असतो, म्हणजे १ मिलिकेल्विनला तो काल साधारण ३० सेकंद येतो. हाच धातू बारीक चूर्ण किंवा तारांच्या रूपात तापमापी म्हणून वापरतात, आणि वाचनानेच तो तापू नये म्हणून चुंबकीकरण जेमतेम काही अंशांनी कलंडवणारे दुबळे स्पंद देतात.

या तंत्राची सर्वांत मोठी कामगिरी कॉर्नेल विद्यापीठातली. तेथे १९७१ मध्ये ओशेरॉफ, रिचर्डसन व ली यांना हीलियम-३ (हीलियमचा हलका समस्थानिक) याच्या घन व द्रव मिश्रणात सुमारे २.७ मिलिकेल्विनला एक संक्रमण (पदार्थाच्या अवस्थेतील बदल) आढळले होते, पण ते घन भागातले असावे असा त्यांचा पहिला अंदाज होता. चुंबकीय क्षेत्राला उतार देऊन, म्हणजे ते जागेनुसार कमी-जास्त ठेवून, घन व द्रव यांचे संकेत वेगळे केल्यावर बदल द्रवात होत असल्याचे उघड झाले, आणि अतिप्रवाही (घर्षणाशिवाय वाहणाऱ्या) हीलियम-३ ची ओळख पटली. या शोधाला १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.