टपोऱ्या डोळ्यांचं ऑपरेशन, आणि त्यानंतरची वर्षं

तान्ह्या बाळाचे डोळे टपोरे असले की सगळे कौतुक करतात. पण हा टपोरेपणा वाढतच चालला असेल, उजेडात बाळ डोळे घट्ट मिटून तोंड फिरवत असेल आणि डोळ्यांतून सारखं पाणी गळत असेल, तर कौतुक बाजूला ठेवून डोळ्यांच्या डॉक्टरांना गाठावं. नवजात बाळाच्या डोळ्याचं पुढचं पारदर्शक पटल साधारण १० मिलिमीटर रुंद असतं. पहिल्या वर्षातच ते १२च्या पुढे गेलं, तर जन्मजात काचबिंदूची शंका घेतात.

मोठ्यांचा काचबिंदू गुपचूप नजर खातो, डोळा दिसायला तसाच राहतो. बाळाच्या डोळ्याची भिंत मात्र अजून लवचीक असते. आतलं पाणी बाहेर सोडणारी बारीक जाळी नीट घडलेली नसली की पाणी तुंबतं, दाब वाढतो आणि अख्खा डोळाच ताणला जातो. पटलाच्या आतल्या पापुद्र्याला त्या ताणाने चिरा जातात. पुढे दाब उतरला तरी त्यांच्या रेघा कायम राहतात.

इथे निव्वळ थेंबांवर सहसा भागत नाही. १९४०च्या सुमारास नेत्रसर्जन ऑटो बारकन यांनी गोनिऑटॉमी हे ऑपरेशन रुळवलं, तोवर या मुलांच्या वाट्याला बहुतेक अंधत्वच येई. डोळ्यावर खास भिंग ठेवून सर्जन आत बारीक पातं सरकवतो आणि जाळीवर हलकी चीर देतो. चीर बरोबर बसली की तिच्या मागोमाग पांढरी रेघ उमटते. पटल धुरकट होऊन आतलं दिसत नसेल, तर बाहेरच्या बाजूने शिरून तीच वाट उघडतात. तिला ट्रॅबेक्युलोटॉमी म्हणतात.

आजार तीन महिने ते वर्ष या वयात उघड झाला असेल, तर एक-दोन ऑपरेशनांत बहुतेकांचा दाब आटोक्यात येतो. जन्मतःच डोळा मोठा आणि धुरकट असेल तर यश बरंच कमी. शिवाय हे ‘यश’ दाबाचं असतं, नजरेचं नव्हे, आणि घरच्यांना हा फरक पुरेसा समजावून सांगितला जात नाही, असं मला वाटतं. ताणलेल्या डोळ्याला मोठा मायनस नंबर लागतो, पटल वेडंवाकडं झाल्याने तिरपा नंबरही येतो. एकच डोळा आजारी असेल तर मेंदू चांगल्या डोळ्यावर विसंबतो आणि दुसरा आळशी होतो. मग चष्मा लावायचा आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी. रडणाऱ्या, पट्टी ओढून काढणाऱ्या मुलाबरोबरची ही झटापट अनेक महिने चालते. बऱ्याच मुलांची नजर किती राहणार, हे ऑपरेशन टेबलापेक्षा इथेच ठरतं.

एक गोष्ट मात्र मुलांच्या बाजूने आहे. दाब वेळेवर उतरला तर दृष्टीच्या नसेच्या तोंडाशी पडलेला खळगा लहान मुलांत पुन्हा उथळ होऊ शकतो. मोठ्यांत असं क्वचितच दिसतं.

दाब मात्र पाच, दहा, वीस वर्षांनीही परत चढू शकतो. लहानपणी तपासणी भूल देऊन करावी लागते आणि बऱ्याच भुलींनी दाबाचा आकडा खाली दिसतो. म्हणून डॉक्टर पटलाची रुंदी आणि डोळ्याची लांबीही मोजतात. वयाच्या मानाने डोळा झपाट्याने वाढत असेल, तर आकडा बरा दिसला तरी संशय घ्यायचा. पुन्हा ऑपरेशन लागलंच, तर आधी जाळीच्या कुठल्या भागात चीर दिली होती, हे नव्या सर्जनला कळावं लागतं. एका वेळी साधारण तिसरा हिस्साच उघडलेला असतो. त्यामुळे बाळपणीचा तो ऑपरेशनचा कागद मूल मोठं झालं तरी टाकून देऊ नये.