आर्टरीत हवा कशी शिरली?

‘अँजिओग्राफी केली, एक आर्टरी ९० टक्के ब्लॉक निघाली.’ हे वाक्य आजकाल लग्नाच्या पंगतीतही कानावर पडतं. या आर्टरीचं ग्रीक मूळ ‘आर्तेरिया’. आणि प्राचीन ग्रीकमध्ये हाच शब्द श्वासनलिकेलाही होता!

गोंधळाचं कारण मेलेल्या शरीरात सापडतं. प्राण गेल्यावर रोहिण्यांच्या, म्हणजे आर्टरींच्या, जाड, लवचीक भिंती आकसतात आणि रक्त बरंचसं नीलांकडे, म्हणजे व्हेन्सकडे, ढकललं जातं. चिरून पाहावं तर नीला रक्तानं भरलेल्या, रोहिण्या जवळपास रिकाम्या. मग रिकाम्या नळीत काय असणार? हवा! इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा ग्रीक वैद्य एरासिस्ट्राटस याचं हेच मत होतं. मग जिवंत माणसाची रोहिणी कापली की रक्ताची चिळकांडी का उडते? त्याचं उत्तर तयार होतं: आतला वायू निसटतो, आणि पोकळी भरायला शेजारच्या नीलांमधून रक्त धावतं. चुकीचं, पण काय बेमालूम!

चारेकशे वर्षांनी गेलन या ग्रीक वैद्यानं जिवंत प्राण्याच्या रोहिणीला दोन ठिकाणी दोरा आवळला आणि मधला भाग चिरला. आता बाहेरून काही येण्याची सोय नव्हती. तरी आत रक्तच निघालं.

नाव मात्र बदललं नाही. श्वासनलिकेला वेगळं ओळखायला ग्रीक लोक ‘आर्तेरिया त्राखेइया’, म्हणजे खडबडीत आर्तेरिया, म्हणत. गळ्यावरून बोट खाली सरकवा, कूर्चेच्या कड्या हाताला लागतील. तोच तो खडबडीतपणा. पुढे विशेषण तेवढं उरलं, त्याचं ट्रॅकिया झालं. म्हणजे डॉक्टर ट्रॅकिया म्हणतात तेव्हा शब्दशः नुसतं ‘खडबडीत’ म्हणत असतात.

‘आर्तेरिया’त ‘एअर’ दडलाय, असं काही जण सांगतात. ते ऐकायला गोड आहे, पण अभ्यासकांचा कल ‘उचलणे, टांगणे’ या अर्थाच्या क्रियापदाकडे आहे. एओर्टा, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रोहिणी, हा शब्दही त्याच कुळातला.

आणि आपली ‘धमनी’? संस्कृत ‘धम्’ म्हणजे फुंकणे. लोहाराच्या भात्याशी नातं सांगणारा धातू. चरकसंहितेत ‘ध्मानाद् धमन्यः’ अशी व्युत्पत्तीच दिली आहे. टीकाकार चक्रपाणी मात्र ‘ध्मान’चा अर्थ ‘भरणे’ असा लावतो, त्यामुळे आपल्याकडेही धमनीत वाराच मानत, असं म्हणायची घाई नको. शाळेच्या पुस्तकातली ‘रोहिणी’ या भानगडीतून सुटली. तिचं नाव सरळ तांबड्या रंगावरून पडलंय.