चेक इंजिनचा दिवा कुठून आला

बडोद्यात घरच्या घरी गाडी बघणारा माणूस आज आधी मोबाइल काढतो, पाना नंतर. इंजिन बदललं म्हणून हे झालं, असं वाटतं खरं. पण पिस्टन, व्हॉल्व्ह आणि प्लग होते तिथेच आहेत. बदलले ते धुराचे नियम, आणि त्यामागोमाग पेट्रोल.

कोयलीची रिफायनरी १९६५ मध्ये सुरू झाली, तेव्हा रस्त्यावर फियाट आणि अ‍ॅम्बेसेडर होत्या. गाडी मिसिंग मारायला लागली की पहिली नजर डिस्ट्रिब्यूटरकडे, म्हणजे प्लगना पाळीपाळीने वीज पोचवणाऱ्या डब्याकडे, जायची. आतले पॉइंट, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क, काळे पडलेले असत. ते बारीक पॉलिश पेपरने घासायचे, कॅमच्या उंचवट्यावर आणून फीलर गेजने ०.४ ते ०.५ मिलिमीटर फट ठेवायची. पॉइंटचा फायबरचा पाय झिजत जातो, तशी फट कमी होते आणि ठिणगी उशिरा पडते. गाडी उचलत नाही, तापते. पॉइंट पुन्हापुन्हा जळत असतील तर दोष बहुधा पॉइंटना जळण्यापासून वाचवणाऱ्या कंडेन्सरचा. तो न बदलता नुसते पॉइंट घासत राहणं ही तेव्हाची हमखास चूक.

प्लग काढून रंग पाहणं ही दुसरी पायरी. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट टोक म्हणजे हवा जास्त किंवा इंजिन तापलेलं, तेलकट काळं म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेलेले. पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये कचरा आणि नीडल व्हॉल्व्ह अडकून होणारा ओव्हरफ्लो, हे नेहमीचे दोन आजार. आणि मे महिन्यातला व्हेपर लॉक: इंजिनालगतचा पंप तापला की नळीत पेट्रोलची वाफ होते, पंप वाफच ओढत बसतो. पंपावर ओलं फडकं टाकून दहा-पंधरा मिनिटं थांबलं की गाडी चालू.

हे सगळं मागे पडलं ते धुराच्या नियमांमुळे. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना धूर स्वच्छ करणारा कॅटालिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. शिसं त्यातल्या प्लॅटिनमवर बसून तो निकामी करतं, म्हणून शिसेविरहित पेट्रोल लागलं. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर तेच मिळू लागलं. पण कन्व्हर्टर नीट चालायला एक भाग पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ भाग हवा हे प्रमाण सतत सांभाळावं लागतं, आणि ते कार्ब्युरेटरच्या आवाक्याबाहेरचं. मग सायलेन्सरच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर, त्याचं ऐकून पेट्रोल फवारणारे इंजेक्टर उघडणारा ईसीयू, म्हणजे गाडीतला संगणक, आणि सेन्सरचं म्हणणं पटेनासं झालं की लागणारा चेक इंजिनचा दिवा. जवळच हालोलला १९९६ पासून बनलेली ओपल अ‍ॅस्ट्रा अशाच इंजेक्शनवाल्या पहिल्या गाड्यांपैकी.

दिवा आला तरी त्याची भाषा प्रत्येक कंपनीची निराळी होती. मारुतीच्या सुरुवातीच्या एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनवाल्या, गाड्यांत डायग्नोसिस कनेक्टरच्या ठरावीक पिना वायरने जोडून दिव्याची लुकलुक मोजायची: एकदा, थोडं थांबून दोनदा, म्हणजे कोड १२, दोष नाही. अमेरिकेने १९९६ मध्ये ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे दोष कोडने सांगण्याची पद्धत) आणि सोळा पिनांचं सॉकेट सगळ्यांना सारखं केलं. आपल्याकडे ओबीडी बीएस-४ या धुराच्या नियमांबरोबर एप्रिल २०१० मध्ये आलं, ओबीडी-२ एप्रिल २०१३ मध्ये.

इथे बडोदेकरांनी जरा थांबावं. २०१० मध्ये बीएस-४ फक्त तेरा शहरांत लागू झालं. गुजरातमधून त्यात अहमदाबाद आणि सुरत होतं, बडोदा नव्हतं. देशभर ते एप्रिल २०१७ मध्ये आलं. म्हणून जुनी गाडी घेताना नुसतं साल पाहू नये, बीएस-३ की बीएस-४ ते पाहावं. बीएस-३ गाडीत सोळा पिनांचं सॉकेट दिसलं तरी सॉकेटमधून मोबाइलच्या अ‍ॅपला कोड पाठवणारा स्वस्त ब्लूटूथ डोंगल तिच्याशी बोलेलच असं नाही.

कोड हा निदान नव्हे, तक्रार आहे. पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, एवढंच. ऑक्सिजन सेन्सर बदला असा त्याचा अर्थ नाही. अ‍ॅपमध्ये फ्युएल ट्रिम उघडा, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा. इंजिन स्लोवर असताना तो +२० टक्क्यांच्या आसपास आणि २५०० आरपीएमला शून्याकडे येत असेल, तर बहुधा व्हॅक्यूमची नळी फाटलेली आहे. रेस वाढवल्यावर वाढत असेल तर बहुधा पेट्रोलचा फिल्टर किंवा पंप. पी०३०१, म्हणजे पहिल्या सिलिंडरचा मिसफायर, आला तर पहिल्या-दुसऱ्याच्या कॉइल, म्हणजे प्लगला वीज देणारे भाग, अदलाबदल करा. कोड पी०३०२ झाला तर कॉइल गेलेली. तोच राहिला तर प्लग, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. दिवा लुकलुकत असेल तर गाडी चालवूच नये: न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आणि तो प्लगपेक्षा कितीतरी महाग.

एका बाबतीत मात्र कुठलाही कोड कामाचा नाही. बडोद्यातल्या विश्वामित्री नदीचं पाणी २०१९ मध्ये आणि ऑगस्ट २०२४ मध्ये वस्त्यांत शिरलं, तेव्हा पाणी ओसरल्यावर सेल्फ मारून पाहण्याचा मोह सगळ्यांत घातक होता. १२०० सीसीच्या चार सिलिंडरी इंजिनात पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा सिलिंडरमागे जेमतेम ३३ मिलिलिटर. त्याहून जास्त पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. एअर फिल्टर ओला किंवा डिपस्टिकवरचं तेल दुधाळ असेल तर प्लग काढेपर्यंत चावी लावूच नका. आधी तेल आणि फिल्टर बदला; मग प्लगभोवतीचं पाणी पुसून प्लग काढा, इंजेक्टरचे सॉकेट सोडवा, तार जोडा आणि थोडा थोडा सेल्फ मारा म्हणजे पाणी उडून जाईल. डिझेल गाडी असेल तर हे घरी करू नये.

सीएनजीवाल्यांचा प्रश्न वेगळा. गॅस पेटायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून प्लगची फट १.० ऐवजी ०.७-०.८ मिलिमीटर ठेवतात. आणि टाकीतलं पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहिलं तर इंजेक्टरमध्ये राळ बसते. सकाळी पेट्रोलवर गाडी खोकते ती त्यामुळे, आठवड्यातून दहा-पंधरा किलोमीटर पेट्रोलवर चालवली तर बसत नाही. आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आलं आहे. इथेनॉल जळायला हवा कमी लागते, म्हणून जुन्या गाडीत ट्रिम काही टक्के वर चढलेला दिसेल. तो दोष नव्हे. जुन्या रबरी नळ्यांवर चिरा पडल्यात का, ते मात्र बोनेट उघडून बघावं.