'पिस्को' कुणाची? निकालामागची पार्श्वभूमी

जुलै २०२५ मध्ये दिल्लीतील उच्च न्यायालयाने निकाल दिला की, पेरूने आपल्या द्राक्षाच्या ब्रँडीचे भौगोलिक मानांकन, म्हणजे प्रदेशाशी जोडलेल्या मालाच्या नावाची नोंदणी, 'पेरुव्हियन पिस्को' या नावानेच घ्यावे. नुसत्या 'पिस्को' या नावावर त्याचा एकट्याचा हक्क नाही. बातम्यांत हे पेरू आणि चिली यांचे नावावरून चाललेले भांडण म्हणून आले. दोन्हीकडची भट्टी वेगवेगळ्या नियमांनी लागते, ही बाजू मागेच राहिली.

जुना इतिहास थोडक्यात असा. सोळाव्या शतकात स्पॅनिशांबरोबर द्राक्षवेली पेरूच्या किनाऱ्यावर आल्या आणि इका खोऱ्यात रुजल्या. इकातील १६१३ च्या एका मृत्युपत्रात द्राक्षाच्या दारूचे रांजण आणि ती गाळण्याचे तांब्याचे मोठे भांडे यांची नोंद आहे. ही दारू पिस्को बंदरातून मातीच्या रांजणांत भरून जहाजांवर चढे. बंदराचे नाव मालाला चिकटले. १८६० च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव भडकले. ज्या तेजीने मुंबईत सट्टा उसळला आणि वऱ्हाडात कापसाचा पेरा वाढला, त्याच तेजीत पेरूतल्या द्राक्षबागा मोडून कापूस लागला. पिस्कोचा धंदा खालावला.

नेमक्या पुढच्या काळात चिलीने पावले उचलली. १९३१ मध्ये तिथल्या सरकारने आताकामा आणि कोकिंबो या दोन प्रदेशांसाठी 'पिस्को' हे नाव कायद्याने राखून ठेवले. १९३६ मध्ये एल्की खोऱ्यातल्या ला युनियोन गावाचे नाव बदलून 'पिस्को एल्की' ठेवण्यात आले. पेरूत असे संरक्षण यायला १९९० चे दशक उजाडले. चिलीची बाजू अगदीच पोकळ नाही: एल्की खोऱ्यातल्या एका जहागिरीच्या १७३३ च्या मालमत्तेच्या यादीत 'पिस्को'च्या रांजणांचा उल्लेख आहे. पण मालाला साजेसे नाव गावाला मागाहून देणे आणि जुन्या बंदराच्या नावाने माल ओळखला जाणे, या दोन गोष्टी एका तराजूत घालता येत नाहीत.

आता भट्टीकडे. पेरूच्या नियमांनुसार आठच जातींची द्राक्षे चालतात. इकात क्वेब्रांता ही काळी द्राक्षे जास्त. आंबवलेला रस तांब्याच्या भांड्यात एकदाच गाळायचा. 'फाल्का' या जुन्या धाटणीच्या भट्टीला वर हंसाच्या मानेसारखी नळी नसते. विटांच्या बांधकामात बसवलेल्या भांड्यातून निमुळती होत जाणारी नळी तिरकी निघते आणि पाण्याच्या हौदातून जाते. आपल्याकडे पहिल्या धारेच्या दारूचे कौतुक. इथे सुरुवातीची धार बाजूला काढतात, शेवटचीही काढतात आणि मधलीच ठेवतात. ती धार कुठे तोडायची हे गाळणाऱ्याच्या नाकावर आणि जिभेवर ठरते, कारण नंतर चूक सुधारायला वाव नाही. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. ३८ ते ४८ टक्क्यांच्या मधली तीव्रता भट्टीतूनच उतरली पाहिजे. मग किमान तीन महिने काच किंवा स्टीलसारख्या भांड्यात मुरवायची. लाकडी पिंप वर्ज्य, म्हणजे रंग नाही आणि लाकडाचा वासही नाही. चिलीत पाणी घालून तीव्रता खाली आणता येते, ३० टक्क्यांची पिस्कोही विकता येते आणि लाकडात मुरवायलाही परवानगी आहे. तिथेही कसबी कारागीर आहेतच, पण त्यांना नियमांनी दिलेली सवलत पेरूच्या कारागिराला नाही.

भारतातला वाद २००५ मध्ये पेरूने अर्ज केल्यापासूनचा. चिलीच्या उत्पादकांनी हरकत घेतली. २००९ मध्ये, म्हणजे गोव्याच्या काजू फेणीला मानांकन मिळाले त्याच वर्षी, मानांकनांची नोंदणी करणाऱ्या निबंधकांनी मधला मार्ग काढला: नाव 'पेरुव्हियन पिस्को' करा. पेरूला ते मान्य नव्हते. २०१८ मध्ये अपील मंडळाने 'पेरुव्हियन' हा शब्द काढून टाकला आणि नाव पूर्णपणे पेरूला दिले. त्याविरुद्ध चिलीचे उत्पादक न्यायालयात गेले आणि २०२५ मध्ये तो आदेश रद्द झाला.

सारा पेच भारताच्या १९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्यातल्या कलम १० मध्ये आहे. दोन प्रदेशांतल्या मालाचे नाव एकच असेल तर दोघांनाही नोंदणी देता येते. अट एवढीच की ग्राहकाची फसगत होऊ नये आणि दोन्ही उत्पादकांना समान न्याय मिळावा. न्यायालयाने हाच धागा धरला: दोन्हीकडे नाव दीर्घकाळ वापरात आहे, तेव्हा देशाचे नाव जोडले की गोंधळ मिटतो. कायद्याच्या चौकटीत हे तर्काला धरून आहे. तरी नाव कुणी आधी वापरले आणि कुणी ते कायद्याने आधी अडवले, यातला फरक या तोडग्यात पुसला जातो, आणि माझ्या मते तोच फरक या प्रकरणात सर्वांत जड होता. १९३१ मध्ये पेरूच्या उत्पादकांची बाजू मांडणारे कुणी तिथे नव्हते.

ग्राहकाच्या दृष्टीनेही प्रश्न अर्धाच सुटला. 'पेरुव्हियन' वाचून बाटली कुठली ते कळेल, आत पाणी मिसळलेले नाही हे कळणार नाही. ते हवे असेल तर बाटलीवर उत्पादनाचे नियमही छापायला हवेत, आणि या निकालाचा भर तर नावावरच आहे.